डोंगर, नदी आणि जुनी गावं: सायकलने फिरणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

डोंगर चढून जाणाऱ्या रस्त्याला आपण मराठीत घाट म्हणतो आणि नदीत उतरणाऱ्या पायऱ्यांनाही घाटच म्हणतो. मला सायकलची सगळ्यात आवडणारी सहल या दोन घाटांमधली आहे. दिवसा डोंगरावर जायचं आणि संध्याकाळी पाण्याशी यायचं. युरोपातल्या नद्यांकाठी अशा सहली करायला लागल्यापासून लोक मला तेच ते प्रश्न विचारतात, आणि ते बरोबरच विचारतात, कारण पहिल्या खेपेला मलाही हेच पडले होते. माझी उत्तरं इथे एकत्र लिहिते आहे.

नदीकाठचा रस्ता म्हणजे सपाटच असणार ना?

नदी सपाट असते. रस्ता तसा असेलच असं नाही.

डॅन्यूब नदीकाठचा, जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंतचा सायकलमार्ग सुमारे ३२० किलोमीटरचा आहे. एवढ्या अंतरात नदी जेमतेम दीडशे मीटर खाली येते, म्हणजे किलोमीटरला अर्धा मीटरसुद्धा नाही. पायांना हा उतार कळतही नाही. हा मार्ग इतका सपाट असण्याचं आणखी एक कारण आहे. तो बऱ्याच ठिकाणी नावा ओढण्याच्या जुन्या वाटांवरून जातो. घोडे काठाने चालत प्रवाहाविरुद्ध नावा ओढायचे, आणि ओझं ओढणाऱ्या जनावराला चढ नको म्हणून त्या वाटा पाण्यालगत ठेवलेल्या असत. आज त्याच वाटांवर आपण पेडल मारतो.

पण नदी डोंगर कापत जाते तिथे चित्र बदलतं. नदीचं वळण असतं तिथे पाणी बाहेरचा काठ खात राहतं आणि तिथे कडा तयार होतो. आतल्या काठावर गाळ साचतो आणि तिथे जमीन हलक्या उताराची राहते. रस्ता बाहेरच्या काठावर असेल तर कधीतरी कडा थेट पाण्यात उतरलेला दिसतो, रस्त्याला जागाच उरत नाही, आणि तो डोंगरावर चढून पलीकडे उतरतो. दुसरी गोष्ट उपनद्यांची. मुख्य नदीला समांतर पण थोड्या उंचीवरून जाणारा रस्ता प्रत्येक ओढ्यापाशी खाली जातो, पूल ओलांडतो आणि पुन्हा वर येतो. नकाशावर हा रस्ता सरळ दिसतो, उंचीच्या आलेखावर मात्र करवतीच्या दातांसारखा. मोठ्या एका घाटापेक्षा असे पंधरा छोटे चढ माणसाला जास्त दमवतात, कारण लय लागतच नाही.

म्हणून आखणी करताना दोन्ही काठांचे आलेख काढा. एका काठावर चारशे मीटर चढ आणि दुसऱ्यावर चाळीस, असंही होतं.

पहिल्यांदाच जाणार आहे. कोणती नदी घेऊ?

आधी कधीच सामान लादून सायकल चालवली नसेल तर पासाऊ ते व्हिएन्ना. बराचसा मार्ग डांबरी आणि मोटारींपासून दूर आहे, खुणा स्पष्ट आहेत, आणि चुकलात तरी नदी डोळ्यांसमोर असते. आठवडाभर आरामात पुरतो.

थोडा सराव असेल आणि डोंगरही हवे असतील तर जर्मनीतली मोझेल. ट्रिअर ते कोब्लेन्झ हे सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर. नदी मात्र एवढी वळणं घेते की तेच अंतर जवळपास दुप्पट होतं. कोखेमजवळची रेल्वे ४.२ किलोमीटरच्या बोगद्यातून सरळ आरपार जाते. नदी तेवढ्यासाठी वीस किलोमीटरहून मोठा वळसा घालते, आणि त्या वळशातली गावं सायकलवाल्यालाच खऱ्या अर्थाने भेटतात. प्रत्येक वळणावर ऊन वेगळ्या बाजूने येतं, द्राक्षमळे एकदा डाव्या हाताला तर एकदा उजव्या.

ल्वार ही फ्रान्सची सगळ्यात लांब नदी. तिच्या काठचा सुमारे ९०० किलोमीटरचा सायकलमार्ग ब्ल्वा, आंब्वाझ, सोम्यूर अशा गावांमधून समुद्रापर्यंत जातो. इथे डोंगर कमी आणि आकाश मोठं. रस्ता कित्येकदा पूर अडवायला बांधलेल्या बांधांवरून जातो, त्यामुळे एका बाजूला वाळूची बेटं आणि दुसऱ्या बाजूला आपल्यापेक्षा खाली असलेली घरं, असं दृश्य तासन्‌तास सोबत असतं.

पोर्तुगालमधली डोउरो मी पहिल्या सहलीसाठी सुचवणार नाही. तिथे नदी खोल दरीत आहे, काठाने रेल्वे जाते, आणि रस्त्यांना बहुतेक ठिकाणी डोंगर चढण्यावाचून पर्याय नसतो. पायात बळ आल्यावर मात्र जाच. दगडी बांधांच्या पायऱ्या रचून उभे केलेले ते द्राक्षांचे डोंगर पाहिले की माणसाच्या कष्टांपुढे हात जोडावेसे वाटतात.

प्रवाहाबरोबर जावं की उलट?

लोक उतार बघतात. मी वारा बघते.

ल्वारचंच घ्या. नेव्हेर गावापासून समुद्रापर्यंत नदी किलोमीटरला सुमारे तीस सेंटीमीटर उतरते. या उताराचा फायदा शून्य धरा. पण पश्चिम युरोपात वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो, आणि ल्वारचा खालचा भाग पश्चिमेकडे वाहतो. म्हणजे प्रवाहाबरोबर जाणारा माणूस दिवसभर वारा तोंडावर घेतो. जाणकार लोक समुद्राकडून वर येतात ते यामुळेच. डॅन्यूबचं उलट आहे. ती पूर्वेला वाहते, त्यामुळे प्रवाह आणि वारा दोन्ही पाठीशी.

डोंगराळ दरीत आणखी एक स्थानिक वारा असतो. उन्हाने डोंगरांचे उतार तापले की दुपारी वारा दरीतून वरच्या दिशेने वाहू लागतो, रात्री थंड हवा उलट खाली उतरते. त्यामुळे दरीच्या तोंडाकडे, म्हणजे खालच्या बाजूला जायचं असेल तर लवकर निघा. सकाळचे चार तास दुपारच्या सहा तासांच्या बरोबरीचे असतात.

दिवसाला किती किलोमीटर धरू?

किलोमीटर मोजण्याआधी चढ मोजा. सामानासकट मी १०० मीटर चढाला सपाटीचे ४ किलोमीटर असा हिशोब धरते. म्हणजे ४० किलोमीटर अंतर आणि ८०० मीटर चढ असलेला दिवस ७२ किलोमीटरच्या सपाट दिवसाइतका भारी. उतरताना वेळ भरून निघेल असं वाटतं, पण निघत नाही. चढायला पाऊण तास लागतो आणि उतरायला आठ मिनिटं, म्हणजे दिवसाचा बहुतेक वेळ आपण चढावरच असतो.

सराव असलेल्या माणसाने या हिशोबाने रोज ६० ते ७० ठरवावेत, नवशिक्याने ४० ते ५०. लोक हे ऐकून नाराज होतात. घरी रविवारी शंभर मारतो, असं सांगतात. पण तिथे सामान नसतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा निघायचं नसतं, आणि मुख्य म्हणजे वाटेत बघण्यासारखं काही नसतं. जुन्या गावात दीड तास सहज जातो. तो तास हिशोबात धरला नाही तर गावातून नुसतं निघून जावं लागतं, आणि मग इतक्या लांब कशाला आलो हा प्रश्न पडतो.

चढ जमत नाहीत. फक्त नदी केली तर काय बिघडलं?

बिघडत काहीच नाही. पण एकदा तरी वर जा, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे. खालून नदी हा नुसता पाण्याचा पट्टा दिसतो. गाव इथेच का वसलं, किल्ला त्याच टेकाडावर का, पूल नेमका इथे का, हे सगळं वरून एका नजरेत कळतं. डॅन्यूबवर श्लोगेनला नदी डोंगराला अडून पूर्ण मागे वळते. काठाने जाताना ते वळण लक्षातही येत नाही. उजव्या काठाला सायकल लावून झाडीतून अर्धा तास वर चालत गेलं की एकदम सगळं उलगडतं: नदी एका बाजूने येते आणि जवळजवळ आली त्याच दिशेला परत जाते.

वर जाण्याच्या सोप्या युक्त्या आहेत. सगळ्यात चांगली म्हणजे नदीकाठच्या एका गावात दोन किंवा तीन रात्री राहायचं, बॅगा खोलीत ठेवायच्या आणि रिकाम्या सायकलने डोंगराची फेरी मारून परत यायचं. सामान उतरवल्यावर तोच घाट वेगळा वाटतो. मी आता मुक्काम हलवण्याचे दिवस सपाट ठेवते आणि चढाचे दिवस बिनसामानाचे. गेल्या काही वर्षांत माझ्या सहलींमध्ये यापेक्षा चांगला बदल झालेला नाही.

दुसरी युक्ती बंद पडलेल्या रेल्वेमार्गांची. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नसे, त्यामुळे हे मार्ग डोंगरातूनही दोन-तीन टक्क्यांच्या आसपास चढाने, म्हणजे शंभर मीटरला दोन-तीन मीटर, नेलेले असतात. रूळ काढून त्यांचे सायकलमार्ग केले की डोंगर नवशिक्यालाही खुला होतो. आयफेलच्या डोंगरातल्या डाउन गावापासून मोझेलवरच्या बर्नकास्टेल-क्यूसपर्यंत असाच एक ५८ किलोमीटरचा मार्ग आहे. वर ज्वालामुखींच्या विवरांत साचलेले गोल तलाव आहेत, मग जुने पूल आणि बोगदे, आणि शेवटी द्राक्षमळे. हंगामात सायकली वाहून नेणारी बस तुम्हाला वर सोडते.

कोणती सायकल लागते? माझी रोडबाईक चालेल का?

सायकलच्या नावापेक्षा सगळ्यात हलका गिअर बघा. थोडं गणित करू, कारण इथेच बहुतेकांचे गुडघे जातात.

तुम्ही, सायकल आणि सामान मिळून १०० किलो धरा. ६ टक्के चढावर ताशी ८ किलोमीटरने जायला नुसतं वजन वर नेण्यासाठी सुमारे १३० वॅट ताकद लागते. साधारण तब्येतीच्या माणसाला ही तासभर टिकेल. चढ १० टक्के झाला की त्याच ताकदीत वेग ताशी पाच किलोमीटरच्या खाली येतो. आता रोडबाईकवर पुढच्या चक्रीला ३४ आणि मागच्या चक्रीला २८ दात असतील तर पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे २.६ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या धरल्या तर वेग ताशी साडेनऊच्या घरात जायला हवा, आणि १० टक्क्यांवर त्यासाठी अडीचशे वॅट लागतील. ते जमत नाही म्हणून माणूस फेऱ्या कमी करतो, पेडलवर उभा राहून जोर लावतो, आणि सगळा भार गुडघ्यावर येतो.

पुढे २६ आणि मागे ३६ दात असले तर एका फेरीत सायकल साधारण दीड मीटर सरकते. साठ फेऱ्यांत वेग ताशी साडेपाच. हळू वाटेल, पण बसून, बोलत, श्वास न लागता चढता येतं. दुकानदाराला एवढंच सांगा: पुढचे दात मागच्यापेक्षा कमी हवेत.

टायर ३५ ते ४५ मिलिमीटर रुंद घ्या. नदीकाठच्या वाटांवर मध्येच बारीक खडी येते, गावात फरशी येते. अरुंद टायरवर हे सगळं हाडांना लागतं.

सामान किती आणि कुठे बांधायचं?

जड वस्तू खाली आणि चाकाच्या आसाजवळ. मागच्या कॅरिअरच्या वर उंच गाठोडं बांधलं की उभं राहून पेडल मारताना सायकल डोलते. १२ किलोत सगळं बसवा. तंबू नसेल तर नक्की बसतं. पावसाचा कोट सगळ्यात वर ठेवा. पाठीवर सॅक नको, घाम आणि पाठदुखी दोन्ही होतात.

उतारावर भीती वाटते.

वाटायलाच हवी. शंभर किलो वजन तीनशे मीटर खाली येताना जी ऊर्जा सुटते ती हवेत तरी जाते, नाहीतर ब्रेकमध्ये. ब्रेक सतत हलके दाबून ठेवले तर ते तापत राहतात, आणि रिमला लागणारे ब्रेक असतील तर ती उष्णता टायर-ट्यूबपर्यंत पोचते. त्यापेक्षा वळणाआधी दोन्ही ब्रेक नीट दाबून वेग उतरवा, मग सोडा आणि त्यांना गार होऊ द्या. सरळ रस्त्यावर ताठ बसलात तर वाराच बराच वेग खातो. वळणाच्या आत जाऊन ब्रेक दाबू नका. जे करायचं ते वळणाआधी. पावसात थांबायला लागणारं अंतर दुप्पट धरा. लांब उतारावर मध्ये थांबायला अजिबात संकोच करू नका, हातांनाही ती विश्रांती लागते.

भाड्याची सायकल असेल तर ब्रेकचे पॅड स्वतः वाकून बघा. एकदा मी घाईत बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी एका उतारावर मागच्या ब्रेकमधून धातू घासल्याचा करकर आवाज आला. पॅड पूर्ण झिजलेलं होतं. पुढच्या ब्रेकवर जेमतेम थांबले आणि उरलेले चार किलोमीटर चालत उतरले. त्या रस्त्यावर मोटारी नव्हत्या म्हणून निभावलं. तेव्हापासून सायकल ताब्यात घेताना ब्रेक, चेन, टायरच्या कडा आणि सगळ्यात हलका गिअर हे चारही दुकानदारासमोर तपासते.

जुन्या गावात सायकल चालवावी का?

फरशी सुरू झाली की उतरा. घासून गुळगुळीत झालेले दगड पावसात साबणासारखे निसरडे होतात. ट्रामचे रूळ असतील तर ते शक्य तितक्या काटकोनात ओलांडा. तिरके गेलात तर चाक खाचेत जातं आणि सावरायला क्षणही मिळत नाही.

पण उतरण्याचं खरं कारण वेगळं आहे. नदीकाठची गावं चालत वाचायची असतात. सुरुवात पुलापासून करा. बहुतेक ठिकाणी आधी ओलांडायची जागा होती, मग गाव आलं. ट्रिअरच्या रोमन पुलाचे खांब दुसऱ्या शतकातले आहेत आणि त्यांच्यावरून आजही वाहनं जातात. रेगेन्सबुर्गचा दगडी पूल ११३५ ते ११४६ या काळात बांधला गेला. इंग्लंडमधलं श्रूझबरी सेव्हर्न नदीच्या वळणाने जवळजवळ सगळीकडून वेढलेलं आहे, आणि दोन बाजूंच्या पुलांची नावंच इंग्लिश ब्रिज आणि वेल्श ब्रिज अशी आहेत. कोणता रस्ता कोणत्या देशाकडे जातो, ते गावानेच सांगून ठेवलंय. त्याच नदीवर खाली घळईत आयर्नब्रिज आहे. तिथला १७७९ साली उभारलेला ओतीव लोखंडाचा पूल पाहायला जाल तेव्हा लक्षात ठेवा, गाव तीव्र उतारावर आहे आणि तिथून बाहेर पडणारा जवळपास प्रत्येक रस्ता चढाचा आहे.

फ्रान्समधल्या बेझांसाँला दू नदी घोड्याच्या नालेसारखी वळते. नालेच्या आत शहर, आणि जिथे नाल उघडी राहते नेमक्या त्याच तोंडावर, नदीपासून शंभर मीटरहून उंच, व्होबाँ या फ्रेंच किल्लेबांधणी-तज्ज्ञाने आखलेला गड. तीन बाजू नदीने राखल्या, चौथी माणसाने. अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणारा सायकलमार्ग या शहरातून जातो. गडाच्या डोंगराखालून कालव्याचा बोगदा काढलाय आणि त्यात पाण्याच्या कडेने सायकलची वाट आहे. त्या गार अंधारातून बाहेर आलं की समोर पुन्हा नदी.

बर्नकास्टेलच्या बाजारचौकाजवळ १४१६ सालचं एक चिंचोळं लाकडी घर आहे. तळाशी इतकं अरुंद की आत माणसं कशी राहत असतील असा प्रश्न पडावा, आणि वरचे मजले मात्र दोन्हीकडे बाहेर आलेले. डोंगर आणि नदी यांच्यामध्ये सापडलेल्या गावात जागेची किती ओढाताण होती, ते त्या एका घराकडे पाहून समजतं. सायकलवरून गेलात तर ते घर तीन सेकंदांत मागे पडतं.

पुराचं काय? कोणते महिने बरे?

मे, जून आणि सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी असते आणि दुपारी चढ नकोसे होतात. सप्टेंबरअखेर दऱ्यांमध्ये सकाळी धुकं साचतं, तेव्हा दिवा आणि चमकणारं जाकीट हवंच. आल्प्समधून येणाऱ्या नद्यांना उन्हाळ्याच्या सुरुवातीला बर्फ वितळून पाणी असतं. त्यात पाऊस आला की काठाच्या वाटा बंद होतात. सगळ्यात आधी पाणी भरतं ते पुलाखालच्या भुयारी वाटेत, त्यामुळे अशी वाट बंद दिसली तर वरून वळसा घ्या, पाण्यात सायकल घालू नका.

पासाऊला डॅन्यूब, इन आणि इल्झ अशा तीन नद्या मिळतात. तिथल्या टाउन हॉलच्या मनोऱ्यावर वेगवेगळ्या सालांच्या पुरांच्या खुणा आहेत. जून २०१३ मध्ये पाणी १२.८९ मीटरपर्यंत चढलं, १५०१ नंतरचा सगळ्यात मोठा पूर. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा स्वच्छ ऊन होतं, लोक बाहेर खुर्च्या टाकून बसले होते, आणि ती रेघ माझ्या डोक्याच्या कितीतरी वर होती. बराच वेळ मान वर करून उभी होते. त्या खुर्च्या, ती दारं, मी उभी होते ती जागा, सगळं त्या पाण्याखाली होतं.

याची दुसरी बाजू एल्बवर दिसते. चेक प्रजासत्ताकातल्या ज्येचीन गावाशी नदीत एक दगड आहे. दुष्काळात पाणी आटलं की तो वर येतो. त्यावर कोरलेल्या दुष्काळी सालांपैकी वाचता येणारं सगळ्यात जुनं १६१६. शेजारी जर्मनमध्ये कोरलंय: मला पाहशील तेव्हा रड. पाणी उतरलं की नावा थांबत, आणि पीक बुडालं की उपासमार येई.

नदी ओलांडायला पूल नसेल तर?

होडी असते, आणि शक्य असेल तिथे पूल सोडून होडीच घ्या. श्लोगेनच्या वळणाजवळ डाव्या काठाची वाट मध्येच संपते, तिथे सायकलवाल्यांसाठी छोट्या होड्या आहेत. डॅन्यूबवरच्याच वाखाऊच्या दरीत श्पिट्झ गावाला तर इंजिनाविना चालणारी फेरी आहे. नदीच्या आरपार तारेचा दोर बांधलाय, त्याला फेरी अडकवलेली. नावाडी सुकाणू फिरवून फेरीचा कोन प्रवाहाला तिरका करतो आणि पाणीच तिला पलीकडे ढकलत नेतं. सायकल कठड्याला टेकवून उभं राहिलं की फक्त तळाशी पाणी चापटल्याचा आवाज येतो. शेवटच्या फेरीची वेळ मात्र आदल्या दिवशी बघून ठेवा. संध्याकाळी लवकर बंद होतात आणि मग पुढच्या पुलापर्यंत मोठा हेलपाटा पडतो.

आम्हा दोघांच्या दमात खूप फरक आहे. भांडणं होतील?

होतील, जर चढावर एकत्र राहायचा हट्ट धरला तर. चढ ज्याने त्याने आपल्या लयीत चढावा आणि वर भेटावं. पण एक नियम पाळा: पुढे गेलेल्याने मागचा येऊन पूर्ण श्वास घेईपर्यंत निघायचं नाही. नाहीतर दमलेल्याला विश्रांती कधीच मिळत नाही. जास्त दमदार माणसाने सामान जास्त घ्यावं, हा सगळ्यात सोपा तोडगा. एकाने इलेक्ट्रिक सायकल घेतली तरी उत्तम.

इलेक्ट्रिक सायकलची बॅटरी डोंगरात टिकते का?

टिकते, हिशोबाने वापरली तर. सगळं मिळून ११० किलो वजन १००० मीटर वर न्यायला सुमारे ३०० वॅट-तास लागतात. निम्मं काम तुम्ही केलंत आणि मोटरमध्ये वाया जाणारं धरलं तर बॅटरीतून दोनशेच्या आसपास जातील. ५०० वॅट-तासांची बॅटरी दिवसाला पुरते. सपाटीवर मदत बंद ठेवा, चढासाठी राखा. आणि ही सायकल तिथेच भाड्याने घ्या. प्रवासी विमानात १६० वॅट-तासांवरची बॅटरी नेता येत नाही, आणि या बॅटऱ्या त्याच्या कितीतरी पुढे असतात.

विमानाने आणि रेल्वेने सायकल कशी नेऊ?

विमानासाठी खोक्यात भरायची: पेडल काढा, हँडल वळवा, सीट खाली घ्या, पुढचं चाक काढून बाजूला बांधा. डाव्या पेडलचा आटा उलटा असतो, तो नेहमीच्या दिशेने सोडवायला जाल तर आणखी आवळला जाईल. रेल्वेत प्रादेशिक गाड्यांमध्ये सहसा जागा मिळते, वेगवान गाड्यांमध्ये सायकलचं आरक्षण आधी लागतं. सुट्टीच्या दिवशी सकाळच्या गाड्या टाळा.

गुडघे दुखले तर?

पुढून दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली असते किंवा गिअर जड असतो. सीट एकावेळी पाच मिलिमीटरच वर करा. पहिले दोन दिवस मुद्दाम हलके ठेवा. चढावर दर पाऊण तासाला काहीतरी खा, भूक लागायच्या आधी. दुखणं दुसऱ्या सकाळीही राहिलं तर त्या दिवशी रेल्वे घ्या. नदीकाठाला रेल्वे असते, हा या मार्गांचा मोठा आधार आहे.

मोबाईलवरचा नकाशा पुरेल?

पुरेल, पण मार्ग आधी उतरवून ठेवा. दरीत नेटवर्क जातं. ॲप जवळच्या वाटेने डोंगरावरून नेऊ पाहतं, तेव्हा चढाचा आकडा बघूनच होकार द्या.

आठ दिवस आहेत. एक आखणी सांगा.

मोझेल घ्या. पहिला दिवस ट्रिअरला, पायी. रोमन काळातलं पोर्टा निग्रा हे काळं पडलेलं दगडी प्रवेशद्वार संध्याकाळच्या उजेडात बघा. दुसऱ्या दिवशी नदीकाठाने बर्नकास्टेल, साधारण ६५ किलोमीटर, सगळं सपाट. तिथे दोन रात्री. तिसऱ्या दिवशी बसने डाउनला वर जा आणि जुन्या रेल्वेमार्गाने दिवसभर उतरत या. चौथ्या दिवशी सावकाश त्सेलपर्यंत, चाळीसच्या आसपास. पाचवा दिवस ब्रेमच्या वळणावरून कोखेमला. ब्रेमला समोर काल्मोंट दिसेल, साठ अंशांहून तीव्र कड्यावर लावलेली द्राक्षं. माणसं तिथे एकरुळी गाडीत बसून मळ्यात कामाला जातात. पलीकडच्या काठावर सायकल लावून तो कडा नीट बघा, घाई करू नका.

कोखेमला पुन्हा दोन रात्री, आणि सहाव्या दिवशी बॅगा खोलीत ठेवून आयफेलच्या बाजूने एक चढ. कितीही छोटा चालेल, पण वर जाऊन मागे वळून नदी बघायची. सातव्या दिवशी कोब्लेन्झकडे, सुमारे ५० किलोमीटर. वाटेत मोझेलकेर्नला सायकली कुलूप लावून ठेवा आणि ओढ्याकाठच्या झाडीतून एल्ट्झ किल्ल्यापर्यंत चालत जा, तासाभराची वाट आहे. कोब्लेन्झला मोझेल ऱ्हाइनला मिळते. तिथल्या टोकावर उभं राहिलं की दोन्ही पाण्यांचे रंग कधीकधी थोडा वेळ वेगळे दिसतात. आठवा दिवस मोकळा ठेवा, पाऊस आला तर तोच कामी येतो.